अलंकार ओळखता येतात, वापरता येत नाहीत: मग शिकायचं कसं?

प्रश्न: मी भांडुपला राहते. शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी दहावीपर्यंत होतं तेवढंच. आता एका सामाजिक संस्थेत मराठी मजकूर लिहिते. कधी आवाहन, कधी एखाद्या लाभार्थ्याची छोटी गोष्ट, कधी कार्यक्रमात कुणीतरी करायचं भाषण. अलंकारांची नावं पाठ आहेत, कथेचे घटक माहीत आहेत, मन वळवण्याच्या तंत्रांच्या याद्याही वाचल्या आहेत. पण लिहायला बसले की यातलं काहीच हाताशी येत नाही. मे महिन्यातल्या रक्तदान शिबिरासाठी लिहिलेली ओळ देते: 'रक्तदान हेच जीवनदान, चला करूया हे महादान!' याच्या पुढे सुचत नाही. मुळापासून शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

उत्तर:

तुमच्या ओळीकडे शेवटी येतो. मी मराठी जाहिराती आणि रेडिओसाठी लिहितो आणि एकांकिका स्पर्धांच्या मोसमात कॉलेजच्या मुलांच्या तालमींना बसतो. तिथे तुमच्यासारखी मुलं दरवर्षी भेटतात. उत्प्रेक्षेची व्याख्या विचारली तर घडाघडा म्हणून दाखवतात आणि संहितेत मात्र एक वाक्य लक्षात राहील असं नसतं. यात त्यांचा फारसा दोष नाही. शाळेत आपल्याला अलंकार ओळखायला शिकवतात. ओळ दिली, नाव लिहा, गुण घ्या. लिहिणाऱ्याला मात्र वेगळाच प्रश्न पडायला हवा: हे इथे नसतं तर काय बिघडलं असतं?

मी शिकवतो ते एवढंच. काढून बघा. आवडलेल्या वाक्यातली उपमा काढा, गोष्टीतलं एखादं पात्र काढा, भाषणातला टाळ्यांचा प्रश्न काढा आणि उरलेलं मोठ्याने वाचा. काहीच बिघडलं नाही तर ते सजावटीला होतं. बिघडलं तर नेमकं काय गेलं ते वहीत एका ओळीत लिहा. अलंकार, कथा आणि मन वळवणं या तिन्ही गोष्टी तुम्ही वेगवेगळ्या समजताय. मला त्यांच्यात फार अंतर दिसत नाही, आणि ही एक परीक्षा तिन्हींना लागू पडते.

अलंकारांपासूनच सुरू करू, कारण ते तुमच्या ओळखीचे आहेत. उपमेचे चार भाग तुम्हाला आठवत असतील: उपमेय, उपमान, दोघांतला समान गुण आणि 'सारखा', 'प्रमाणे' असा जोडणारा शब्द. पाठ्यपुस्तकात पुढचे अलंकार सुटे सुटे येतात, त्यामुळे ती सगळी एकाच रस्त्यावरची ठिकाणं आहेत हे लक्षातच येत नाही. एकच विषय घ्या आणि त्या रस्त्याने चालवा. सकाळची विरार लोकल घेऊ. 'लोकल वारुळासारखी भरली होती' ही उपमा. दोन गोष्टी शेजारी आहेत, मध्ये अंतर आहे. 'लोकल म्हणजे जणू वारूळच' म्हटलं की अंतर कमी झालं, ही उत्प्रेक्षा. 'लोकलचं हे धावतं वारूळ अंधेरीला थांबलं' म्हटलं की अंतर संपलं, रूपक झालं. 'ही कसली लोकल, हे तर वारूळ' म्हणून लोकलच नाकारली की अपन्हुती. 'वारुळात मुंगीला निदान वळता तरी येतं' म्हणालात तर उपमानालाच हरवलंत, तो व्यतिरेक. 'विरार लोकल ती विरार लोकलच' हा अनन्वय: तुलनेला दुसरं काही सापडतच नाही. आणि 'इतकी गर्दी की माझा घाम शेजारच्याच्या कपाळावरून ओघळला' ही अतिशयोक्ती.

आता काढून बघा. पहिल्या तिन्ही वाक्यांतलं वारूळ काढलं तर 'लोकल खूप भरली होती' एवढं उरतं आणि वाचकाचं फारसं नुकसान होत नाही. वारूळ त्याने हजारदा ऐकलं आहे. व्यतिरेकाच्या वाक्यातून मात्र वारूळ काढता येत नाही, काढलं तर वाक्यच कोसळतं. वर त्यात एक नवी माहिती आहे: वळता येत नाही. दरवाजाजवळच्या माणसाला बोरिवली आलं तरी तोंड फिरवता येत नाही हे ज्याने अनुभवलं आहे तो तिथे हसतो. घामाचं वाक्यही टिकतं, कारण अतिशयोक्ती असली तरी ती बघितलेल्या गोष्टीतून निघाली आहे. हा सराव तुम्ही कुठल्याही वस्तूवर करू शकता, सोसायटीची लिफ्ट, ऑफिसचा एसी, फुटपाथवरचं खोदकाम. सातपैकी पाच वाक्यं टाकाऊ निघतील. निघू द्यात.

इंग्रजीत शिकलेल्या मुलांना पडणारा प्रश्न तुम्हालाही पडेल म्हणून सांगून टाकतो: सिमिली म्हणजे उपमा, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती, हायपर्बोली म्हणजे अतिशयोक्ती असं जुळवलं तर काम भागतं. मेटाफर आणि रूपक मात्र तंतोतंत जुळत नाहीत, आणि त्यात वेळ घालवू नका, लिहिताना त्याने काही अडत नाही.

चेतनगुणोक्तीबद्दल एक तक्रार नोंदवतो. 'मुंबई कधी झोपत नाही' हे वाक्य माझ्यापुढे आलं की मी त्यावर रेघ मारतो. मुंबई झोपते. रात्री एकच्या सुमारास शेवटची लोकल सुटते, पहाटे चारच्या सुमारास पहिली. मधल्या त्या तासांत रुळांवर गँगमन काम करत असतात. शहराला माणसासारखं वागवायचंच असेल तर त्या तीन तासांच्या डुलकीबद्दल लिहा, निदान ते अजून कुणी झिजवलेलं नाही.

अनुप्रास आणि यमक यांवर फार थांबत नाही. घोषवाक्यात कामाला येतात, कारण लोकांच्या तोंडात बसतात. धोका एकच, आणि तो उखाण्यात स्पष्ट दिसतो. उखाण्याची पहिली ओळ बहुतेक वेळा दुसरीशी यमक जुळावं एवढ्यासाठीच असते. लग्नात ते गोड वाटतं, कारण सगळ्यांचं लक्ष नावाकडे असतं. घोषवाक्यात तसली ओळ आली की वाचकाला कळतं की इथे अर्थापेक्षा जुळवाजुळव जास्त आहे.

खरी मजा त्याच्या पुढे आहे, शब्दशक्तींमध्ये. व्याकरणाच्या पुस्तकात अभिधा (शब्दाचा सरळ अर्थ), लक्षणा (सरळ अर्थ अडला की घेतलेला जोडीचा अर्थ), व्यंजना (न बोलता सुचवलेला अर्थ) हा भाग कुठेतरी शेवटी, दोन पानांत उरकलेला असतो. माझ्या मते लिहिणाऱ्याने तोच आधी शिकावा. लक्षणेचं संस्कृतातलं ठरलेलं उदाहरण म्हणजे 'गंगेवर गवळीवाडा'. गंगेच्या प्रवाहावर वाडा असू शकत नाही, म्हणजे शब्दशः अर्थ अडला. मग आपण तिच्याशी जोडलेला अर्थ घेतो: काठावर. पण मग 'काठावर' असं सरळ का म्हटलं नाही? कारण 'गंगेवर' म्हटल्याने तिचा गारवा आणि पावित्र्य वाड्यापर्यंत पोचतं. आता वरळीला फ्लॅट घेतलेल्या नातेवाइकाबद्दल आपल्याकडे कसं बोलतात ते आठवा: 'त्याचं घर अगदी समुद्रावर आहे.' तोच नियम. 'समुद्राजवळ' म्हणा, वारा बंद होतो, आणि किंमतही उतरते. रोज आपण लक्षणेतच बोलतो. 'आठ-बावन्न पकडली', 'चार नंबरला दोन कटिंग', 'अख्खी चाळ खाली उतरली'. यातलं एकेक वाक्य शब्दशः लिहून बघा. केवढी लांबण लागते आणि किती बेचव होतं!

व्यंजना त्याहून सूक्ष्म. जुन्या काव्यशास्त्रात उदाहरण दिलं आहे 'सूर्य मावळला'. गुराख्याला त्याचा अर्थ गुरं घरी न्या, चोराला कामाला लागा, प्रेयसीला तो आता येईल. मुंबईतलं वाक्य घ्या: 'पाऊस वाढलाय.' साहेबांच्या केबिनच्या दारात उभं राहून म्हटलं तर मला लवकर सोडा. आईला फोनवर म्हटलं तर मला उशीर होईल. रिक्षावाल्याने म्हटलं तर मीटरवर विसंबू नका. घरमालकाला म्हटलं तर छताचं काय केलंत? शब्द तेच, पण कोण कुणाला कधी म्हणतो आहे त्यावर सगळं. हे ज्याला कानाने कळलं त्याला संवाद लिहिता येतात.

म्हणूनच कथेकडे वळताना मी संवादापासून वळतो. आपल्याकडे घरात माणसं विचारलेल्याचं सरळ उत्तर क्वचित देतात. समजा जुनी चाळ पाडायची आहे, संक्रमण शिबिरात जायचा दिवस ठरला आहे आणि सासूबाईंनी अजून एक भांडं बांधलेलं नाही.

'आई, ट्रंक काढू का खाली?'
'दूध बघ आधी, उतू जाईल.'
'टेम्पो दहाला येणार आहे.'
'येऊ दे की. टेम्पोवाल्यालाही चहा लागेलच.'

सासूबाई 'मी येणार नाही' असं कुठेही म्हणत नाहीत. 'मला हे घर सोडवत नाही' असं एक वाक्य त्यांच्या तोंडी घाला आणि बघा, चारही ओळी मरतात. वाचकाने स्वतः ओळखायची गोष्ट तुम्ही त्याच्या हातात कोंबलीत.

कथेच्या घटकांची यादी तुम्हाला पाठ आहे: पात्रं, कथानक, स्थळ-काळ, संघर्ष, निवेदक, वातावरण, आशयसूत्र. ही यादी परीक्षकाच्या सोयीची आहे. लिहायला बसताना मी तिच्यातल्या मोजक्याच गोष्टींकडे बघतो. कुणाला काय हवंय? काय आडवं येतंय? आणि हे कोण सांगतंय? तिसरा प्रश्न मुलं सर्रास सोडून देतात. वरचीच गोष्ट सुनेने सांगितली तर ती गॅलरीच्या टोकाच्या सामायिक संडासापुढे इतकी वर्षं रांगेत उभी राहिलेल्या बाईची होते, तिला नव्या घराचं स्वप्न पडतंय आणि सासू त्याच्या आड येतेय. नातवाने सांगितली तर ती मित्र तुटण्याची गोष्ट. टेम्पोवाल्याने सांगितली तर ती विनोदी होऊ शकते. प्रसंग बदलला नाही, तरी सहानुभूती कुणाकडे जाते ते बदललं. निवेदक निवडणं हा गोष्टीतला सगळ्यात मोठा निर्णय असतो आणि तो बहुधा न विचार करता घेतला जातो.

स्थळाबद्दलही जरा थांबतो. 'चाळीचं वर्णन करा' म्हटलं की मुलं लाकडी जिने, गॅलरी, वाळत घातलेले कपडे असा पाढा लिहितात. त्याने स्थळ येत नाही. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात पाच माणसं राहत असतील तर नवरा-बायकोला एकांतात भांडताही येत नाही. मग भांडण कुठे होतं? कुजबुजत होतं, गॅलरीत होतं, किंवा स्टेशनला सोडायला जायच्या निमित्ताने रस्त्यात होतं. म्हणजे खोलीच्या मापाने प्रसंग ठरवला. इथेही तीच परीक्षा लावा. गोष्ट उचलून ठाण्याच्या टू बीएचकेमध्ये नेऊन ठेवा. काहीच बदलावं लागलं नाही तर तुमच्या गोष्टीत चाळ नव्हतीच, चाळीचा पडदा होता.

कथानकाला मुलं उगाच घाबरतात. 'निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात काकांनी पुन्हा रेल्वेचा पास काढला.' या एका वाक्यात कथानक सुरू झालं आहे, कारण वाचकाने मनात 'का?' विचारलं. कारण लगेच सांगितलंत तर माहिती झाली, थोडं लांबवलंत तर गोष्ट झाली. नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था दिल्या आहेत: आरंभ, यत्न, प्राप्त्याशा (मिळेल अशी आशा), नियताप्ती (मिळणार हे नक्की होणं), फलागम (फळ हाती येणं). पाश्चात्त्य पुस्तकांतला चढ-कळस-उतार असा त्रिकोण तुम्ही पाहिला असेल. तोही वापरा, पण छोट्या मजकुराला मला 'प्राप्त्याशा' जास्त उपयोगी पडते. मिळणार, असं वाटू लागलंय आणि अजून मिळालेलं नाही, ती जागा. दीड मिनिटाच्या रेडिओ स्पॉटमध्ये पाच अवस्था बसत नाहीत. ही एक बसते.

आता तुमच्या रोजच्या कामाचं एक सांगतो, थोडं कडू आहे. संस्थांच्या लाभार्थी-कथा मी बऱ्याच वाचल्या आहेत. नव्वद टक्के कथांत बाई फक्त सोसते आणि मग घेते. नवरा गेला, काम सुटलं, मुलं उपाशी. मग संस्था आली, शिवणयंत्र दिलं, हसू फुललं. यातून संस्था काढून बघा. बाई काहीच करत नाहीये! म्हणजे गोष्ट तिची नव्हती, संस्थेची होती. तिला आधीपासून काहीतरी हवं असू द्या. शेजारणीच्या यंत्रावर रात्री बसून ब्लाउज शिवत होती का? गिऱ्हाईक कसं मिळवलं? भाव कसा ठरवला? ते विचारा, तेच लिहा. आणि तिचं नाव, फोटो, आजार छापण्याआधी तिला मजकूर वाचून दाखवा. यात शिष्टाचार तर आहेच, शिवाय वाचून दाखवताना ती हमखास असा एखादा तपशील सांगते जो तुम्हाला कधीच सुचला नसता.

मन वळवण्याकडे येऊ. ॲरिस्टॉटलची त्रयी तुमच्या यादीत असणारच: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या भावना आणि तर्क. ती खरी आहे आणि तपासायला उत्तम आहे. लिहिताना मात्र मला आपल्याकडची एक विभागणी जास्त हाताशी वाटते. अकराव्या शतकातला काश्मिरी पंडित मम्मट काव्याची प्रयोजनं सांगताना उपदेशाचे तीन प्रकार करतो. प्रभुसंमित म्हणजे मालक आज्ञा करतो तसा; सुहृत्संमित म्हणजे मित्र समजावतो तसा; कांतासंमित म्हणजे प्रिय व्यक्ती आपल्याला रस लावून, आपल्याही नकळत वळवते तसा. काव्य तिसऱ्या प्रकारात येतं, असं तो म्हणतो.

हे तिन्ही प्रकार बघायला रेल्वे स्टेशनवर उभं राहिलं तरी पुरे. 'रेल्वे रूळ ओलांडणे हा दंडनीय गुन्हा आहे' ही प्रभूची आज्ञा. 'कृपया पादचारी पुलाचा वापर करावा' हा मित्राचा सल्ला. दोन्ही पाट्यांखालून लोक रूळ ओलांडत असतात. २००९-१० च्या सुमारास वडाळ्याजवळ एक प्रयोग झाला. रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे गाडी किती वेगाने जवळ येतेय ते डोळ्याला कळावं. आणि लोक जिथून रूळ ओलांडतात तिथे एका माणसाचे तीन फोटो लावले, गाडी अंगावर येतानाचा त्याचा चेहरा, एकापुढे एक. गुन्हा, दंड, आवाहन असला एक शब्द त्यात नव्हता. त्या टप्प्यातले मृत्यू कमी झाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. तीन फोटो म्हणजे काय? पात्र आहे, काळ पुढे सरकतोय, शेवट दाखवलेला नाही, तो बघणारा स्वतः पुरा करतो. कथेचे घटक मन वळवायला कसे लागतात ते दाखवायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

लोकलमध्ये पीलर विकणारा माणूसही मला गुरुस्थानी आहे. 'उत्तम दर्जा' असं तो म्हणत नाही. खिशातून बटाटा काढतो आणि तुमच्या डोळ्यांसमोर सोलतो. मग पीलर तुमच्या हातात ठेवतो. एकदा हातात आला की परत करायला आपल्यालाच संकोच वाटतो. यातला बटाटा सोलणं हा पुरावा आहे आणि हातात ठेवणं ही युक्ती. दोन्हींतला फरक ओळखायला शिका, कारण तुम्हालाही दोन्ही करायचा मोह होणार.

प्रश्नालंकाराचं एक उदाहरण माहीत असायलाच हवं. १८९७ साली 'केसरी'त टिळकांनी मथळा दिला: 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' प्रश्न काढून सरळ विधान करा: सरकारचं डोकं ठिकाणावर नाही. आता हा एका संपादकाचा आरोप झाला. प्रश्न होता तेव्हा 'नाही' हे उत्तर वाचकाने दिलं होतं, आरोपात तोही सामील झाला होता. पण म्हणूनच असा प्रश्न त्यालाच विचारावा ज्याला उत्तर आधीच अर्धंमुर्धं पटलेलं आहे. विरोधी मनाच्या श्रोत्याला तोच प्रश्न विचारलात की तो तुम्हाला नको ते उत्तर देतो. नवे वक्ते भाषणात दर दुसऱ्या वाक्याला प्रश्न टाकतात. त्याने फक्त श्रोता दमतो.

आकड्यांबाबत दोन गोष्टी एकाच उदाहरणातून सांगतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हा आकडा आपण सगळ्यांनी ऐकला आहे, पण नुसत्या मिलिमीटरने कुणाच्या पोटात गोळा येत नाही. 'चार महिन्यांच्या पावसाळ्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त पाऊस एका दिवसात' म्हटलं की येतो. आकडा एकटा सोडू नका, त्याच्या शेजारी वाचकाच्या मापाचं काहीतरी ठेवा. दुसरी गोष्ट: त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता. कुणी फक्त कुलाब्याचा आकडा दिला तर तो खोटं बोलला असं म्हणता येणार नाही, आणि तरी त्याने तुम्हाला फसवलं आहे. आकडे निवडणं हेसुद्धा मन वळवणंच असतं.

फसवणूक ओळखायची तर सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेला जाऊन बसा. 'बाकी सगळ्या विंगनी सह्या केल्या, तुम्हीच राहिलात.' 'हा बिल्डर गेला की दुसरा येणार नाही.' 'मग तुम्हाला बिल्डिंग अंगावर पडायला हवी आहे का?' पहिल्यात गर्दीचा दबाव, दुसऱ्यात टंचाईची भीती, तिसऱ्यात खोटी दुविधा, जणू सही करणं आणि मरणं यांखेरीज पर्यायच नाही. या तिन्ही वाक्यांतली युक्ती काढा आणि खाली काय उरतं बघा. काहीच नाही. कार्पेट एरिया किती, भाडं किती महिने, बँक गॅरंटी कितीची, याचं उत्तर कुठेच नव्हतं. हीच परीक्षा स्वतःच्या मजकुराला लावा. उपमा, प्रश्न, करुणा, सगळं काढल्यावर तळाशी एक खरी गोष्ट उरते का? उरत असेल तर वरचं सगळं बिनधास्त वापरा.

सरावाचं विचाराल तर जड काही करू नका. नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा तुमच्या जवळच्या वाचनालयात नाव घाला, आवडलेला परिच्छेद हाताने उतरवा, मग त्यातले अलंकार काढून तो साध्या भाषेत लिहा, आणि काही दिवसांनी मूळ न बघता पुन्हा रंगवा. मूळ लेखकाने कुठे हात राखला हे तेव्हा कळतं. दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा माटुंग्याच्या यशवंतला नाटक बघायला गेलात तर एखादं नाटक दुसऱ्यांदा बघा आणि त्या वेळी रंगमंचापेक्षा प्रेक्षकांकडे लक्ष द्या. खोकणं कुठे थांबतं ते वहीत टिपा.

आता तुमची ओळ: 'रक्तदान हेच जीवनदान, चला करूया हे महादान!' जीवनदान काढा, महादान काढा. 'रक्तदान करूया' उरलं. म्हणजे दोन्ही शब्द यमकासाठी आले होते. शिवाय ही ओळ मे महिन्याची नाही, भांडुपची नाही, वर्षाच्या कुठल्याही दिवशी कुठल्याही गावात लावता येईल.

तुमच्याकडे खरी गोष्ट आहे आणि ती तुम्ही लिहिलेली नाही. मेमध्ये कॉलेजं बंद असतात, लोक कोकणात, घाटावर गेलेले असतात, शिबिरं कमी होतात आणि रक्तपेढ्यांत साठा खाली येतो. साठवलेल्या तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, त्यामुळे मार्चमध्ये कितीही गोळा केलं तरी ते मेअखेर पुरत नाही. प्लेटलेट तर पाचेक दिवसच. आणि थॅलेसेमिया मेजर हा जन्मजात रक्तविकार असलेल्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, सुट्टी असो नसो. यातून मी असं काहीतरी लिहीन:

'मे महिन्यात मुंबई गावाला जाते. थॅलेसेमियाची मुलं जाऊ शकत नाहीत. त्यांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, आणि मार्चमध्ये दिलेलं रक्त आता संपत आलंय. तुम्ही अजून गावाला निघाला नसाल तर निघण्याआधी अर्धा तास द्या.'

पहिलं वाक्य लक्षणा आहे, दुसरं त्याच्याशी विरोध मांडतं, तिसऱ्यात आकडा आहे पण मुलांच्या शेजारी ठेवलेला, चौथं मित्राच्या आवाजात आहे आणि वाचकाला नेमका तेवढाच त्रास मागतं. माझ्या मसुद्यातूनही काही काढता येतंय का बघा. मला 'आता संपत आलंय' थोडं घाईचं वाटतं. तुमच्या रक्तपेढीला साठ्याची आजची स्थिती विचारा आणि खरी असेल तरच ते ठेवा. त्याखाली जागा, वेळ, वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, आधीच्या रक्तदानाला पुरुषांना तीन आणि बायकांना चार महिने झालेले असावेत, आणि काहीतरी खाऊन या, उपाशीपोटी नको, एवढं साध्या टाइपात. पोस्टर भांडुप स्टेशनच्या पुलावर लावणार असाल तर शिबिराची जागा पुलाच्या कुठल्या बाजूला उतरल्यावर येते तेही लिहा, घाईतला माणूस तेवढंच वाचतो.